कॉर्डेलियानंतर कोणती क्रूझ? कंपनी बदलण्याआधी नागपूरकरांनी काय बघावे

कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीची गोवा किंवा लक्षद्वीप फेरी करून आलेले कुटुंब धरमपेठेतल्या टूर ऑफिसात पुन्हा गेले, की टेबलावर दोन कागद येतात. एक सिंगापूरचा, म्हणजे रॉयल कॅरिबियन किंवा स्टारड्रीमचे (आधीच्या रिसॉर्ट्स वर्ल्डचे) जेंटिंग ड्रीम. दुसरा युरोपचा, म्हणजे एमएससी किंवा कोस्टा. दर रात्रीचा भाव काढला तर पुष्कळदा युरोपचा कागद स्वस्त निघतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. नव्या कंपनीचे जहाज मोठे असणार, हे सगळ्यांना माहीत असते. पण तिकिटात काय धरले आहे, जेवणाची वेळ कोण ठरवते, खर्च कुठल्या चलनात आणि कुठल्या कार्डावर पडतो, व्हिसा एकदा वापरायचा आहे की दोनदा, हे सगळेही बदलते. त्याचा पत्ता लागतो तो जहाजावर चढल्यावर.

आमचे मत आधीच सांगतो. दुसरी क्रूझ सिंगापूरहून करा आणि युरोप तिसऱ्या खेपेला ठेवा. घरात जैन किंवा कडक शाकाहारी मंडळी असतील तर जेंटिंग ड्रीम, दहा ते अठरा वर्षांची मुले असतील तर रॉयल कॅरिबियन. आणि सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांना फक्त समुद्र, आराम आणि ओळखीचे जेवण हवे असेल तर पुन्हा कॉर्डेलियाच करा, त्यात काही कमीपणा नाही.

कॉर्डेलियाने लावलेल्या सवयी

कॉर्डेलियाचे एम्प्रेस २०२१ च्या सप्टेंबरपासून मुंबईहून सुटते. जहाज १९९० चे. आधी ते रॉयल कॅरिबियनकडेच होते, 'नॉर्डिक एम्प्रेस' आणि नंतर 'एम्प्रेस ऑफ द सीज' या नावांनी. त्याचे आकारमान ४८,५६३ ग्रॉस टन. हे टन वजनाचे नसतात, जहाजातल्या बंदिस्त जागेचे माप असते. सिंगापूरहून फेऱ्या केलेले रॉयल कॅरिबियनचे 'स्पेक्ट्रम ऑफ द सीज' १,६९,३७९ टनांचे आणि जेंटिंग ड्रीम १,५०,६९५ टनांचे. म्हणजे एकदम तिप्पट-साडेतीनपट जागा. एम्प्रेसवर पहिल्याच दिवशी सगळे जहाज पायाखालचे होते. स्पेक्ट्रमसारख्या जहाजावर केबिनपासून जेवणघरापर्यंत जायलाच काही मिनिटे लागतात, आणि गुडघे दुखणाऱ्यांची केबिन लिफ्टपासून किती लांब आहे हा प्रश्न अचानक महत्त्वाचा होतो.

कॉर्डेलियाच्या बाबतीत नागपूरकरांना मिळणाऱ्या सोयी हिशेबात धरल्याच जात नाहीत. विदर्भ एक्स्प्रेस किंवा दुरांतो रात्री पकडली की सकाळी सीएसएमटी, आणि तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने हाकेच्या अंतरावर. देशातली फेरी असेल तर पासपोर्ट लागत नाही, आधार चालतो. बिल रुपयांत. पोहे, इडली, डाळ-भात न मागता समोर येतात. कंपनी बदलली की या सगळ्यावर एकाच दिवशी पाणी सोडावे लागते. बदल्यात मिळतात ते मोठे रंगमंचीय कार्यक्रम, मुलांसाठी दिवसभराचे खेळ आणि बसायला-फिरायला भरपूर मोकळी जागा. स्पेक्ट्रम ज्यात मोडते त्या क्वांटम वर्गाच्या जहाजांवर तर समुद्रसपाटीपासून सुमारे ९० मीटर उंच नेणारी काचेची कॅप्सूल, लाटांवर उभे राहण्याचा फ्लोरायडर आणि बंपर कारसुद्धा आहेत. अशा खेळांच्या वेळा ॲपवर आधी राखून ठेवाव्या लागतात. चढल्यावर बघू म्हणणाऱ्याच्या वाट्याला भलत्याच वेळेचे स्लॉट येतात.

कागदपत्रे

जास्तीत जास्त लोक बंदरावरून परत फिरतात ते याच कारणाने, म्हणून इथे घाई नको.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने चालणारा हवा. बुकिंगमधले नाव पासपोर्टवरल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळले पाहिजे. आपल्याकडे लग्नानंतर आडनावच नव्हे, कधीकधी पहिले नावही बदलते. पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि बुकिंग आधारवरच्या सासरच्या नावाने, ही चूक एजंटाकडे हमखास होते, कारण कॉर्डेलियाच्या वेळी आधारच दिलेले असते आणि तोच तपशील पुढे उचलला जातो. नवे बुकिंग करताना पासपोर्टचे पहिले आणि शेवटचे पान पाठवा, जुनी फाइल वापरू देऊ नका.

उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवंडे आजी-आजोबांबरोबर जाणार असतील तर आई-वडिलांचे नोटरी केलेले संमतीपत्र बरोबर हवे. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालील बाळाला आणि फेरी संपेपर्यंत गरोदरपणाचा २४ वा आठवडा लागणार असेल अशा बाईला घेत नाहीत. तारीख मोजायची ती उतरण्याच्या दिवसाची, चढण्याच्या नाही.

सिंगापूरच्या ई-व्हिसावर 'मल्टिपल' लिहिलेले आहे का, ते स्वतः वाचा. विमानाने सिंगापुरात शिरणे हा पहिला प्रवेश आणि पेनांग-फुकेत करून जहाजाने परत येणे हा दुसरा. एकच प्रवेश असलेल्या व्हिसावर चेक-इनलाच अडवतात. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसामुक्त प्रवेश दिला, थायलंडनेही तशी सवलत दिली. पण या सवलती मुदतीच्या असतात आणि अटी बदलत राहतात, तेव्हा तुमच्या तारखांना त्या लागू आहेत का ते बुकिंगच्या आठवड्यात बघा, एजंटाच्या मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका. सिंगापूरचे अरायव्हल कार्ड पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचे असते आणि ते फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी संकेतस्थळे खोटी. जहाजाने परत येतानाही ते नव्याने भरावे लागते, हे विसरले जाते कारण तेव्हा सगळे सुट्टीच्या मूडमध्ये असतात.

सिंगापूरला क्रूझची दोन टर्मिनल आहेत, मरिना बे क्रूझ सेंटर आणि हार्बरफ्रंटचे सिंगापूर क्रूझ सेंटर. टॅक्सीवाल्याला नुसते 'क्रूझ टर्मिनल' म्हटले तर तो भलतीकडे नेऊ शकतो. मरिना बेला मेट्रोने जायचे तर मरिना साउथ पिअर स्टेशन.

नागपूरहून सिंगापूरला थेट विमान नाही, मुंबई, हैदराबाद, चेन्नई किंवा बंगळुरूला बदलावे लागते. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी घेतली की पहिले उशिरा आले तर दुसऱ्याची जबाबदारी कोणाचीच नसते, आणि जहाज तर विमानासाठी थांबतच नाही. मुंबईमार्गे जाणार असाल तर नागपूरचे विमान नवी मुंबईला उतरते की सांताक्रूझला, हेही आता बघावे लागते. क्रूझच्या आदल्या दिवशी सिंगापुरात मुक्काम हा चैनीचा खर्च समजू नका. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात सकाळची विमाने किती लटकतात, ते सोनेगाव विमानतळावर थांबलेल्या कोणालाही विचारा. सामानाचेही तसेच. जहाजावर वजनाची फारशी कटकट नसते, पण नागपूरचे विमान वेगळ्या देशांतर्गत तिकिटावर असेल तर साधारण १५ किलोच मिळतात, तेव्हा बॅग भरायची ती त्या मापाने.

पैसे कुठे जातात

दोन कंपन्यांची तुलना करताना कागदावर पाच रकाने पाडा: मूळ भाडे, बंदर शुल्क आणि कर, टिप, पेये, इंटरनेट. जाहिरातीतला आकडा बहुधा पहिल्या रकान्याचा असतो.

टिप हा नव्याने जाणाऱ्यांच्या वादाचा पहिला विषय. आंतरराष्ट्रीय कंपन्या ती दर माणशी दर रात्री आपोआप खात्यावर चढवतात. मोठ्या कंपन्यांचा आकडा साधारण १६ ते २० डॉलरच्या घरात असतो, स्वीटला (मोठ्या, महागड्या केबिनला) त्याहून जास्त. माणशी १८ डॉलर धरले तर चौघांच्या चार रात्रींचे २८८ डॉलर होतात. रॉयल कॅरिबियनवर मुलांनाही पूर्ण टिप लागते, एमएससीवर लहान मुलांना कमी. बुकिंगच्या वेळीच टिप भरून टाकता येते, आणि तेच बरे. पुढे दर वाढला तरी सहसा भरलेल्याला त्रास होत नाही आणि शेवटच्या रात्रीचे बिल बघून घरात तोंडे पडत नाहीत. ही टिप केबिन आवरणारा आणि जेवणघरातले लोक यांच्यात वाटली जाते, म्हणून 'सेवा आवडली नाही' असे नसताना ती काढून घ्यायला काउंटरवर रांग लावणे शोभत नाही.

दारूचे पॅकेज घेताना एक अट नीट वाचा. रॉयल कॅरिबियनवर एका केबिनमधल्या एका प्रौढाने मद्याचे पॅकेज घेतले तर त्या केबिनमधल्या पिण्याच्या वयाच्या सगळ्यांना घ्यावे लागते, वर १८ टक्के सेवाशुल्क. नवरा पितो आणि बायको फक्त लिंबूपाणी, अशा जोडप्याला हे कधीच परवडत नाही. त्यांनी सुटे पेग घ्यावेत किंवा बायकोला मद्याविना पॅकेज मिळते का ते लेखी विचारावे. बुफेतले पाणी, साधा चहा-कॉफी आणि काही सरबते फुकट असतात.

आता कार्ड. जहाजावर रोख चालत नाही. केबिनच्या कार्डावर सगळे चढते आणि त्यामागे तुमचे बँक कार्ड जोडलेले असते. इथे डेबिट कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड जोडू नका. कंपनी रोजच्या खर्चापोटी त्यावर रक्कम अडकवून ठेवते. क्रेडिट कार्डावर ती फक्त मर्यादा कमी करते, पण डेबिट आणि फॉरेक्सवर तुमचे खरे पैसे गोठतात आणि फेरी संपल्यावरही ते सुटायला कित्येक दिवस जातात. सिंगापूरला उतरून खरेदीला निघालात आणि फॉरेक्स कार्ड 'अपुरी शिल्लक' म्हणाले, तर कारण बहुधा हेच. क्रेडिट कार्ड नसेल तर गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर रोख अनामत भरता येते, उरलेली शेवटी परत मिळते. चलनही बघा. रॉयल कॅरिबियनवर अमेरिकन डॉलर, जेंटिंग ड्रीमवर सिंगापूर डॉलर, भूमध्य समुद्रातल्या कोस्टा-एमएससीवर युरो. बिल रुपयांत बदलून देऊ का असे विचारले तर नको म्हणा, त्यांचा दर तुमच्या बँकेपेक्षा महाग पडतो.

परदेशी पॅकेज म्हणून क्रूझ विकली की त्यावर टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आगाऊ आयकर) कापला जातो आणि पॅन द्यावा लागतो. हा पैसा बुडत नाही, विवरणपत्र भरताना वळता करता येतो. पण हातातून आधी जातो, म्हणून एजंटाच्या अंदाजपत्रकात तो वेगळ्या ओळीत दाखवायला सांगा. टीसीएसचा दर अर्थसंकल्पात बदलू शकतो, तेव्हा चालू वर्षाचाच लावलाय ना ते बघा. रद्द करण्याच्या अटींचेही तसेच. शेवटचा हप्ता साधारण ७५ ते ९० दिवस आधी भरायचा असतो आणि त्यानंतर रद्द केले तर दंडाची शिडी चढत जाते. एजंटामार्फत बुकिंग असेल तर कंपनी तुमच्याशी थेट बोलत नाही, बदल एजंटालाच करावा लागतो. म्हणून रविवारी फोन उचलणारा एजंट निवडा.

जेवण, आणि नागपूरच्या डब्यात काय नको

सिंगापूरच्या फेऱ्यांवर भारतीय प्रवासी भरपूर असतात, त्यामुळे बुफेत भारतीय कोपरा असतोच. तरी कॉर्डेलियावर जे आपोआप होत होते ते इथे सांगून करून घ्यावे लागते. 'व्हेज' म्हटले की अंडे चालते असे धरले जाते. आशियाई भाज्यांत ऑयस्टर सॉस किंवा फिश सॉस पडतो, मलेशियन पदार्थांत कोळंबीची पेस्ट. ताटात मांसाचा तुकडा नाही म्हणजे शाकाहारी, ही त्यांची समजूत, त्यात त्यांचा खोटेपणा नाही. जैन जेवण हवे असेल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा आणि त्याचे उत्तर छापून बरोबर ठेवा.

मुख्य जेवणघरात पहिल्या रात्री टेबलावर बसताच हेड वेटरला बोलवा. अंडे नाही, कांदा-लसूण नाही, तिखट चालेल, जे असेल ते एकदाच स्पष्ट सांगा. मग तो रोज रात्री दुसऱ्या दिवसाचा मेनू आणून दाखवतो आणि तुमच्यासाठी वेगळे शिजवायला आत चिठ्ठी देतो. हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू केले तर उपयोग अर्धाच, कारण स्वयंपाकघराची मागणी आदल्या रात्री ठरते. यासाठी ठरलेल्या वेळेचे, ठरलेल्या टेबलाचे जेवण घ्यावे. 'केव्हाही या' प्रकारात रोज नवा वेटर आणि रोज नवी उजळणी. दहा-बारा जणांचे कुटुंब असेल तर सगळी बुकिंग एकमेकांशी जोडायला सांगा, नाहीतर काका-काकू पहिल्या पंगतीला आणि बाकीचे दुसऱ्या, असे होते.

सावजीवर वाढलेल्या जिभेला जहाजावरची 'स्पायसी' करी म्हणजे वरणच. बंद पाकिटातली चटणी, चिवडा नेता येतो. घरचा शिजवलेला डबा जहाजावर नेऊ देत नाहीत. पण सिंगापूरच्या कस्टममध्ये दोन वस्तू महागात पडतील. पहिली खर्रा. चघळायची तंबाखू सिंगापुरात आणायलाच बंदी आहे, मग ती घोटलेली असो वा पुडीतली. ई-सिगारेटचेही तेच, आणि सिगारेटच्या पाकिटाला तिथे करमाफी नाही. दुसरी खसखस. ती तिथे अमली पदार्थांच्या नियमांत येते, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत निघताना खसखस लावलेले अनारसे आणि खसखसवाला सावजी मसाला घरीच ठेवा. संत्रा बर्फी बिनधास्त न्या.

चहाबद्दल एवढेच की डिप चहाची मनाची तयारी ठेवा. किटली नेण्याचा विचार करत असाल तर पुढचा भाग वाचा.

केबिन

जहाजावर चढताना बॅगा स्कॅन होतात आणि इस्त्री, किटली, इंडक्शन, मेणबत्ती, उदबत्ती बाजूला काढून ठेवतात. उतरताना परत मिळते. सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेंशन बोर्डही काढतात, त्याचे कारण मात्र लोकांना कळत नाही. घराच्या वायरिंगमध्ये न्यूट्रल तार जमिनीला जोडलेली असते. जहाजावर दोन्हीपैकी कुठलीच तार अशी जोडलेली नसते. सर्ज प्रोटेक्टर जादा दाब अर्थिंगकडे वळवतो, आणि जहाजावरच्या या रचनेत तो तापून पेट घेऊ शकतो. समुद्रात आग म्हणजे पळायला जागा नाही, म्हणून ही कडकाई. आपली जाड तीन पिनांची प्लग तिथे बसत नाही. चपट्या दोन पिनांचा अमेरिकन आणि गोल दोन पिनांचा युरोपियन अडॅप्टर न्या, आणि जास्त फोन असतील तर सर्ज नसलेला अनेक यूएसबीचा चार्जर.

संडास व्हॅक्युमचा असतो. त्यात कागदाखेरीज काही टाकले तर तुमच्याच नव्हे, त्या ओळीतल्या शेजारच्या केबिनचीही लाइन तुंबते. परदेशी जहाजावर जेट स्प्रे असेल असे धरून चालू नका. छोटा प्लॅस्टिकचा मग न्या, त्याला कोणी अडवत नाही.

'गॅरंटी' केबिन स्वस्त मिळते, पण जागा कंपनी ठरवते. बोट लागणाऱ्यांनी तो मोह टाळावा. डोलणे सर्वात कमी जाणवते ते जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यांवर. टोकाची आणि वरची केबिन जास्त हलते. जहाजाच्या पोटाशी असलेले पंख आडवे डोलणे कमी करतात, पुढे-मागे आपटणे त्यांना थांबवता येत नाही. सिंगापूर-पेनांग-फुकेत हा मार्ग मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातो, दोन्ही बाजूंना जमीन असल्याने पाणी शांत असते. अरबी समुद्रात कॉर्डेलियावर त्रास झाला होता म्हणून इथेही होईल असे नाही. उलटीची गोळी मात्र डॉक्टरला विचारून आधीच घ्या. पोट ढवळायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही.

मोठी बॅग बंदरावर दिली की केबिनशी संध्याकाळपर्यंत येते. औषधे, चार्जर, पासपोर्ट, पोहण्याचे कपडे खांद्यावरच्या पिशवीत ठेवा.

घड्याळ

जहाज सुटण्याआधी सुरक्षा कवायत सगळ्यांना करावीच लागते. नव्या जहाजांवर ती ॲपवर व्हिडिओ बघून आणि आपल्या ठरलेल्या ठिकाणी कार्ड दाखवून उरकते. केली नाही तर तुमच्या नावाचा पुकारा होतो.

खरा घोटाळा पुढे आहे. सिंगापूर-मलेशियाची वेळ थायलंडपेक्षा एक तास पुढे. जहाज पुष्कळदा सिंगापूरचीच वेळ धरून चालते, तुमचा फोन मात्र फुकेतला उतरताच आपोआप थायलंडची दाखवतो. परतायची वेळ संध्याकाळी पाचची आणि फोनवर चार वाजलेले, म्हणजे तुम्ही बाजारात निवांत आणि तिकडे गँगवे (जहाजावर चढायचा जिना) उचलायची तयारी. फोनची वेळ हाताने जहाजाच्या वेळेवर लावा, किंवा सरळ साधे घड्याळ बांधा. फुकेतला मोठी जहाजे अनेकदा पातोंगच्या खाडीत नांगर टाकतात आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात, त्यामुळे परतीच्या रांगेचा वेळही त्यात धरावा लागतो. पेनांगला उलट आहे. जहाज स्वेटनहॅम पिअरला लागते आणि जॉर्जटाउन चालत फिरता येते. तिथे कंपनीची महागडी सहल घेण्याची गरज नाही. लांबच्या ठिकाणी मात्र घ्या, कारण उशीर झाला तर जहाज फक्त स्वतःच्या सहलीच्या बससाठी थांबते.

समुद्रात गेल्यावर फोन विमान मोडवर टाका. नाहीतर तो जहाजावरच्या सॅटेलाइट नेटवर्कला चिकटतो, आणि साध्या रोमिंग पॅकमध्ये ते धरलेले नसते.

एमएससी आणि कोस्टा: स्वस्त का दिसतात

जहाजे वाईट नाहीत, उलट देखणी आहेत. पण पद्धत युरोपियन आहे. भूमध्य समुद्रातल्या फेऱ्यांत रात्रीच्या जेवणाच्या टेबलावरचे पाणीसुद्धा बाटलीचे आणि विकतचे असते. फुकट पाणी बुफेच्या मशीनवर. सहा जणांचे सात रात्रींचे पाणी हा छोटा खर्च नाही, म्हणून पाण्याचे पॅकेज आधीच घ्या. जेवणाची दुसरी पंगत रात्री नऊच्या पुढे बसते. घोषणा चार-पाच भाषांत होतात. आणि बार्सिलोना, मार्सेल, जेनोआ, चिविताव्हेक्किया अशा प्रत्येक बंदरावर नवे प्रवासी चढतात-उतरतात, त्यामुळे बुफेत रोजच कोणाचा तरी पहिला दिवस असतो. एमएससीचे सर्वात स्वस्त 'बेला' भाडे घेतले तर केबिन निवडता येत नाही, जेवणाची वेळही कंपनी देते. भारतीय जेवणाची अपेक्षा इथे सिंगापूरच्या निम्मी ठेवा.

शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एकच व्हिसा) बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मार्गात तुर्कस्तान, ट्युनिशिया किंवा माँटेनेग्रो असेल तर शेंगेनबाहेर जाऊन परत येणे होते, तेव्हा मल्टिपल प्रवेशच मागा. विम्याच्या पॉलिसीत क्रूझ धरली आहे का हे लेखी घ्या, जहाजावरच्या दवाखान्याचे बिल परकीय चलनात आणि जागच्या जागी भरावे लागते.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रवाशाला जुन्या कंपनीत मिळालेल्या दर्जाचे काय होते? बहुधा काही नाही. रॉयल कॅरिबियनच्या क्राउन अँड अँकर या सदस्यत्व योजनेत एका रात्रीला एक गुण, स्वीटमध्ये दोन, तीन गुणांवर गोल्ड, ८० वर डायमंड, आणि शून्यापासूनच सुरुवात. एमएससी इतर कंपन्यांचा दर्जा जुळवून देत आली आहे. बुकिंगआधी अर्ज करून बघायला हरकत नाही, पण त्यासाठी कंपनी निवडू नये.

उतरताना

शेवटच्या रात्री रंगीत टॅग लावून मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्यात सकाळचे कपडे आणि पासपोर्ट बांधून टाकणारे प्रत्येक फेरीत निघतात. त्याच रात्री ॲपवर किंवा टीव्हीवर बिल ओळीओळीने बघा. चूक असेल तर रात्री दहालाच काउंटर गाठा, सकाळी सातला तिथे अर्धे जहाज उभे असते. स्वतः बॅगा ओढून नेणार असाल तर पहिल्या टप्प्यात उतरता येते. टॅगवाल्यांना रंगाच्या क्रमाने थांबावे लागते, मग इमिग्रेशन, मग टॅक्सीची रांग. जहाज सकाळी सातला लागले तरी सिंगापूरच्या चांगी विमानतळावरून दुपारी एकच्या आधीचे विमान घेऊ नका, आणि ते नागपूरपर्यंत एकाच तिकिटावर असेल तर बॅगा सोनेगावपर्यंत टॅग होतील का, की मध्ये कस्टमसाठी उचलाव्या लागतील, हे चांगीच्या काउंटरवरच विचारून घ्या.